नव्या इअरबड्ससोबत मिळणारी फुकट गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेलमध्ये इअरबड्स घ्यायला गेलं की किमतीच्या शेजारी बारीक अक्षरात एक ओळ असते: अमुक सेवेचे तीन महिने मोफत. काहींच्या ती लक्षातच येत नाही. काही जण तिच्याकडे बघूनच इअरबड्स निवडतात. आणि बऱ्याच जणांना ती आठवते चौथ्या महिन्यात, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर. हे सगळं भारतातल्या ग्राहकाला समोर ठेवून लिहिलं आहे.

फुकट म्हणजे नेमकं काय मिळतं?

गाणी तुमच्या मालकीची होत नाहीत. एखाद्या सेवेचा पैसे भरून घ्यायचा प्लॅन ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळतो, एवढंच. यालाच ट्रायल म्हणतात. म्हणजे मध्ये जाहिराती नाहीत, हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावता येतं, आणि गाणी उतरवून ठेवून लोकलमध्ये रेंज नसताना ऐकता येतात.

ही मुदत तीन वाटांनी हातात येते. इअरबड्सची कंपनी आणि गाण्यांची सेवा एकाच घरची असते, जसं अ‍ॅपल. किंवा इअरबड्सची कंपनी दुसऱ्या सेवेशी करार करून बॉक्समध्ये कूपन टाकते. किंवा ऑफर इअरबड्सची नसतेच. ती दुकानाची, बँकेच्या कार्डाची किंवा मोबाइल रिचार्जची असते आणि इअरबड्सच्या पानावर नुसती चिकटवलेली असते. काही बिनसलं तर दाद कोणाकडे मागायची हे या वाटेवर ठरतं, त्यामुळे ती खरेदीच्या वेळीच ओळखून ठेवा.

ट्रायल मिळते म्हणून थोडे महाग इअरबड्स घ्यावेत का?

नाही. हिशोब सरळ आहे. भारतात गाण्यांच्या सेवांचे एका माणसाचे प्लॅन साधारण शंभर ते दोनशे रुपये महिन्याच्या पट्ट्यात आहेत. तीन महिन्यांची ट्रायल म्हणजे तीनशे ते सहाशे रुपयांचा माल. त्यासाठी दीड-दोन हजार रुपये जास्त मोजणं म्हणजे नारळ फुकट मिळतो म्हणून बसभाडं खर्चून जत्रेला जाण्यासारखं आहे. कानात नीट बसतात का, कॉलवर समोरच्याला आवाज स्पष्ट जातो का, सर्व्हिस सेंटर आपल्या गावात किंवा निदान तालुक्याला आहे का, हे आधी बघा. दोन जोड्या अगदी बरोबरीच्या वाटल्या तरच ट्रायलकडे बघून निवड करा.

एअरपॉड्स घेतले तर अ‍ॅपल म्युझिक कसं मिळतं?

ही ऑफर सगळ्यात जास्त चालते आणि गोंधळही हिच्यातच जास्त होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अ‍ॅपलने 2021 मध्ये एअरपॉड्स आणि बीट्स (हाही अ‍ॅपलचाच ब्रँड) यांच्या निवडक मॉडेल्ससोबत अ‍ॅपल म्युझिक मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती. पुढे ती तीन महिन्यांवर आली. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून 'सहा महिने' ऐकू येतं, त्यावर दुकानदाराशी वाद घालू नका. पहिल्या पिढीचे एअरपॉड्स या ऑफरमध्ये बसत नाहीत; नंतरच्या पिढ्या, प्रो आणि मॅक्स बसतात.

कूपन, कोड, स्क्रॅच कार्ड यातलं काही मिळत नाही. बॉक्स उलटापालटा करून शोधू नका. इअरबड्स आयफोनला किंवा आयपॅडला जोडायचे, फोनची आयओएस (आयफोनचं सॉफ्टवेअर) आवृत्ती ताजी करून घ्यायची, मग म्युझिक अ‍ॅप उघडायचं. ऑफर तिथेच समोर येते. नाही आली तर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि फोनमध्ये लॉगिन असलेलं अकाउंट तुमचंच आहे ना ते पाहा. घरातल्या आयफोनवर मुलाचं अकाउंट आणि इअरबड्स वडिलांचे, असं असलं की ऑफर मुलाच्या नावावर जाते.

जोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑफर घ्यावी लागते. ऑफर घ्यायची मुदत तीन महिने आणि घेतल्यावर फुकट ऐकायची मुदतही तीन महिने. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाई नसेल तर प्रवासाच्या किंवा सुट्टीच्या तोंडावर ट्रायल सुरू करा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काय उपयोग?

माझा फोन अँड्रॉइड आहे. एअरपॉड्स भेट मिळालेत. मला ट्रायल मिळेल?

अँड्रॉइड फोनला एअरपॉड्स साध्या ब्लूटूथ इअरबड्ससारखे जोडले जातात आणि गाणीही वाजतात. पण तीन महिन्यांची ऑफर तिथे दिसत नाही. त्यासाठी आयफोन किंवा आयपॅड लागतो. अ‍ॅपल म्युझिकचं अँड्रॉइड अ‍ॅप मात्र 2015 पासून आहे. म्हणजे घरात कोणाचा आयपॅड असेल तर त्यावर स्वतःच्या अकाउंटने ऑफर घेऊन नंतर आपल्या अँड्रॉइड फोनवर ऐकता येतं. आयपॅड नसेल तर इअरबड्सशी संबंध नसलेली, कोणालाही मिळते ती साधी ट्रायल घ्या. ती कमी मुदतीची असते.

'फक्त नव्या सदस्यांसाठी' म्हणजे कोण नवं?

ज्या अकाउंटवर ती सेवा पूर्वी कधी घेतलेली नाही, ते. दोन वर्षांपूर्वी एक महिना ट्रायल घेऊन विसरला असाल तरी तुम्ही बहुधा जुने ठरता. फॅमिली प्लॅनमध्ये असाल तरीही तेच. आणि एका अकाउंटला एकदाच. तीन जोड इअरबड्स घेतले म्हणून नऊ महिने मिळत नाहीत.

बॉक्समध्ये कूपनचं कार्ड निघालं. काय करू?

आधी मागची बाजू वाचा. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: कूपन कधीपर्यंत वापरायचं, ते फक्त नव्या सदस्यांना आहे का, आणि मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का. कूपनची मुदत बॉक्स छापला गेला तेव्हाच ठरलेली असते. दुकानात आठ महिने पडून राहिलेल्या बॉक्समधलं कूपन मेलेलं निघू शकतं. ऑफरवर डोळा ठेवून घेत असाल तर बॉक्सवरचा निर्मितीचा महिना बघून घ्या. तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे सापडतोच.

कोड सेवेच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवरच टाका. 'तुमच्या इअरबड्सवर मोफत गाण्यांची ऑफर लागली आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. खरं कूपन चालू करायला कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही. सांगून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

फुकट आहे तर यूपीआय किंवा कार्ड कशाला मागतात?

खरा धंदा इथेच आहे. सेवेला तुमचे तीन महिने नको असतात, चौथा हवा असतो. आणि माणूस विसरतो हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून ट्रायल सुरू करतानाच पुढच्या वसुलीची परवानगी घेतली जाते. तिला मॅन्डेट म्हणतात. यूपीआय अ‍ॅपमध्ये ते 'ऑटोपे' या नावाखाली दिसतं. यूपीआय ऑटोपे 2020 मध्ये आलं. त्याआधी हे सगळं कार्डावर चालायचं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे नियम यात ग्राहकाच्या बाजूने बरेच कडक आहेत. ऑक्टोबर 2021 पासून असे आपोआप कापले जाणारे पैसे नव्या चौकटीत आले. मॅन्डेट देताना ओटीपी किंवा पिन टाकावाच लागतो, आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. 15 हजार रुपयांपर्यंतच्या वसुलीला पुढे दरवेळी ओटीपी लागत नाही, आणि गाण्यांची वर्गणी त्याच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे ती गुपचूप जाते असं वाटतं. गुपचूप जात नाही, मेसेज येतो. तो लोनच्या आणि लॉटरीच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात गाडला जातो.

या चौकटीमुळे काही गोष्टी उलट्याही झाल्या. अ‍ॅपलने 2022 मध्ये भारतीय अकाउंटवर डेबिट-क्रेडिट कार्ड घेणं बंद केलं. त्यामुळे परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तशी 'कार्ड जोडा' ही पायरी इथे जमत नाही म्हणून अनेक जण अडतात. यूपीआय जोडा किंवा अकाउंटमध्ये थोडी रक्कम आधी भरा.

मॅन्डेट मंजूर करताना स्क्रीनवर कधी कधी मोठा आकडा दिसतो आणि छातीत धस्स होतं. ती कमाल मर्यादा असते, दर महिन्याची वर्गणी नव्हे. तरीही तो आकडा, वसुलीची तारीख आणि 'कधीपर्यंत' हे तिन्ही वाचूनच पिन टाका.

ट्रायल सुरू करताच दोन रुपये कापले गेले. फसवणूक आहे का?

बहुधा नाही. खातं चालू आहे का हे तपासायला एक-दोन रुपये घेऊन परत करतात. मेसेजमध्ये सेवेचं नाव बघा. नाव अनोळखी असेल तर मात्र बँकेला विचारा.

ट्रायल बंद कशी करायची आणि कधी?

तुम्ही जिथून सुरू केली तिथूनच बंद होते. आयफोनमधून घेतली असेल तर सेटिंग्ज, वरती स्वतःचं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. गूगल प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स. सेवेच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर ब्राउझरमध्ये तिथेच लॉगिन करून अकाउंटच्या पानावर जायचं; अ‍ॅपमध्ये बटण सापडत नाही म्हणून तासभर डोकं खाजवू नका.

वेळ महत्त्वाची आहे. अ‍ॅपल सांगतं की ट्रायल संपायच्या किमान 24 तास आधी रद्द करा. शेवटच्या रात्री बारा वाजता करायला गेलात तर उशीर झालेला असू शकतो. उलट फार लवकर रद्द केलं तर काही ट्रायल त्याच क्षणी बंद पडतात आणि उरलेले दिवस वाया जातात. रद्द करण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा: 'अमुक तारखेपर्यंत वापरता येईल' असं असेल तर आजच रद्द करून निवांत बसा, नसेल तर संपायच्या तीन दिवस आधीचा अलार्म लावा. अलार्मच्या नावात 'गाणी बंद' असं लिहा, नुसता वाजला तर कशाचा ते आठवत नाही.

दुसरं कुलूप म्हणून यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेच्या यादीतून ते मॅन्डेट रद्द करता येतं. पण आधी सेवेकडे रद्द करा आणि मगच मॅन्डेट काढा.

अ‍ॅप काढून टाकलं की झालं ना?

नाही. अ‍ॅप गेलं तरी वर्गणी चालू राहते.

ट्रायलमध्ये उतरवलेली गाणी नंतर राहतात का?

नाही. फाइल फोनमध्ये दिसत असली तरी ती कुलूपबंद असते. मुदत संपली की वाजत नाही. प्लेलिस्टचं वेगवेगळं आहे. ज्या सेवेचा जाहिरातींसह फुकट प्लॅन आहे, तिथे तुमच्या याद्या शिल्लक राहतात, फक्त ऐकण्यावर बंधनं येतात. अ‍ॅपल म्युझिकला असा फुकट प्लॅन नाही, त्यामुळे तिथली लायब्ररी हातातून जाते. मेहनतीने बनवलेल्या यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवणं जुनाट वाटेल, पण उपयोगी पडतं.

मराठी गाण्यांसाठी कोणती ट्रायल घ्यावी?

इथे किमतीपेक्षा हक्कांचा प्रश्न मोठा आहे. जुनी भावगीतं, नाट्यपदं, अभंग यांचा फार मोठा साठा एचएमव्हीच्या, म्हणजे आजच्या सारेगामाच्या ताब्यात आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं तेव्हा सारेगामाशी त्याचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2020 मध्ये करार होईपर्यंत आजी-आजोबांची निम्मी आवड तिथे नव्हतीच. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी तिथून गेली, आणि त्यासोबत अलीकडच्या गाजलेल्या मराठी चित्रपटांची गाणीही. गाणी परत येतात, पण 'काल होतं, आज करडं झालंय' (म्हणजे यादीत दिसतं पण वाजत नाही) हा अनुभव कुठल्याही सेवेवर येऊ शकतो.

म्हणून ट्रायलचा पहिला दिवस शोधण्यात घालवा. तुम्हाला खरंच लागणारी वीस-पंचवीस गाणी शोधून पाहा, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण मराठी गाण्यांच्या नोंदी फार ढिसाळ असतात. गायकाच्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी सापडतं, गीतकाराचा पत्ताच नसतो, आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या जागी कुठल्या तरी वाद्यवृंदाची नक्कल वर येते. पहाटेचे अभंग, गणपतीच्या आरत्या, कोळीगीतं, पोवाडे, तमाशातल्या लावण्या: तुमच्या घरात जे वाजतं त्यावर परीक्षा घ्या.

नाट्यसंगीताची आणि शास्त्रीय मैफिलींची आवड असेल तर माझा कल यूट्यूब म्युझिककडे आहे. गावोगावच्या रसिकांनी चढवलेली जुनी ध्वनिमुद्रणं तिथे सापडतात. बाकीच्या सेवांवर फक्त कंपन्यांनी दिलेला माल असतो. गूगलने पिक्सेल बड्ससोबत या सेवेची ट्रायल दिलेली आहे. पण तुम्हाला फक्त हिंदी-मराठी चित्रपटगीतं लागत असतील तर जिओसावनही पुरतं, आणि जिओच्या काही रिचार्जमध्ये त्याचा प्रो प्लॅन आला आहे. अ‍ॅमेझॉन प्राइमचं पूर्ण सदस्यत्व घरात असेल तर त्यात अ‍ॅमेझॉन म्युझिक असतं. एअरटेलने ऑगस्ट 2024 मध्ये अ‍ॅपलशी भागीदारी जाहीर केली आणि नंतर आपल्या अनेक ग्राहकांना अ‍ॅपल म्युझिक काही महिने मोफत दिलं. इअरबड्सची ट्रायल खर्च करण्याआधी रिचार्जमध्ये काय काय पडून आहे ते एकदा बघा.

सेवाच बंद पडली तर?

पडतात. विंक म्युझिक ही आपली सेवा एअरटेलने 2024 मध्ये गुंडाळली. रेसो नावाची सेवा 31 जानेवारी 2024 ला भारतातून गेली. गानाने 2022 मध्ये फुकट ऐकणं बंद करून फक्त पैसे भरणाऱ्यांचा रस्ता धरला. त्यामुळे ट्रायल संपताना 'आता वर्षभराचं घ्या, निम्म्यात पडेल' असा आग्रह झाला तर मी तरी महिन्याचाच प्लॅन घेईन.

लॉसलेस आवाजाचा प्लॅन घेतला तर इअरबड्सवर फरक कळेल?

लॉसलेस म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काही न गाळता दिलेला आवाज. ब्लूटूथवर तो जसाच्या तसा जात नाही. वाटेत तो दाबला जातो. एअरपॉड्स ब्लूटूथवर एएसी वापरतात, अनेक स्वस्त इअरबड्स एसबीसी किंवा एएसी; ही आवाज दाबण्याच्या पद्धतींची नावं. एलडॅक ही पद्धत असलेले 990 केबीपीएसपर्यंत (दर सेकंदाला किती माहिती जाते त्याचं माप) जातात, पण गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर तो वेग टिकत नाही. लॉसलेसचा आनंद वायरवर आहे. वायरलेस कानांसाठी जास्तीचे पैसे भरू नका, आणि मोबाइल डेटावर तो पर्याय बंदच ठेवा. साध्या 320 केबीपीएसला तासाला सुमारे 144 एमबी लागतात, 96 ला 43 च्या आसपास. एसटीच्या लांब प्रवासाआधी घरच्या वायफायवर गाणी उतरवून घेतलेली बरी.

मार्केटमधून हुबेहूब एअरपॉड्स पंधराशेला घेतले. ट्रायल येत नाही.

येणारही नाही. मुंबईतल्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणी मिळणाऱ्या नकली जोड्या उघडताच आयफोनवर खऱ्यासारखी खिडकी येते, पण आयओएस 16 पासून फोन नकली जोडी ओळखून तशी सूचनाही देतो. दुसऱ्याकडून घेतलेल्या वापरलेल्या पण अस्सल जोडीवरही ऑफरची आशा धरू नका. ती नव्या खरेदीसाठी आहे.

मामाने अमेरिकेतून इअरबड्स आणले. तिथली ऑफर इथे चालेल?

इअरबड्स कुठे घेतले यापेक्षा तुमचं अकाउंट कुठल्या देशाचं आहे हे बघितलं जातं. भारतीय अकाउंट असेल तर भारतातल्या अटी आणि भारतातला दर लागू होतो. तो दर बहुतेक वेळा अमेरिकेपेक्षा कितीतरी स्वस्त असतो, म्हणून देश बदलायच्या फंदात पडू नका. कागदी कूपन मात्र साधारणपणे त्याच देशात चालतं. शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्यांसाठी एक गोष्ट: स्पॉटिफायचं फुकट अकाउंट दुसऱ्या देशात फक्त 14 दिवस चालतं, मग देश बदलावा लागतो.

रद्द केलं होतं, तरी पैसे गेले. तक्रार कुठे?

पहिली तक्रार सेवेकडे, लेखी, रद्द केल्याच्या ईमेलसह. अ‍ॅपल किंवा गूगलमधून घेतलं असेल तर परतावा त्यांच्याकडे मागायचा, गाण्याच्या सेवेकडे नाही. मॅन्डेट रद्द करूनही पैसे गेले असतील तर बँकेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक 14448.

रद्द करण्याचं बटणच लपवलं असेल तर तो वेगळा गैरप्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्न्सविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार दिले आहेत आणि त्यातला एक आहे सबस्क्रिप्शन ट्रॅप. रद्द करणं मुद्दाम अवघड करणं त्यात येतं. आणि गंमत म्हणजे, फुकट वर्गणीसाठी पैशांचे तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी जबरदस्तीने घेणंही त्याच यादीत आहे. ही तत्त्वं दाखवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. फोन मराठीतही घेतात. इअरबड्सचं बिल, ऑफर लिहिलेल्या पानाचा खरेदीच्या दिवशीचा स्क्रीनशॉट आणि बँकेचा मेसेज हाताशी ठेवा. कंपन्या ऑफरचं पान नंतर गुपचूप बदलतात.